ळ

पाचवीच्या वर्गात चार बाकं आली,
काचेची, बोट लावलं की उजाडणारी.
गर्लगुंजीत वीज साडेअकराला जाते,
म्हणून परिपाठ आवरता घेतला.

भाषा निवडा, म्हणालं बाक.
कन्नड. इंग्रजी. हिंदी.
पोरांनी माझ्याकडे बघितलं,
मी डस्टर शोधत राहिले.

हिंदीवरच बोट ठेवा, म्हटलं शेवटी,
आणि आपापलं नाव लिहा.
जोतिबाचं झालं, रेश्माचं झालं,
सुप्रिया तळवार मात्र अडून बसली.
"बाई, ळ गावेना की ओ."
खरंच नव्हता.
ल चालव आजच्या दिवस.
"मग तलवार होतंय की!"
वर्ग हसला, ती नाही.

मागून इराप्पा आला, लाइनमनचा पोरगा,
घरी कन्नड, शाळेत आमचं.
तिचं बोट बाजूला सारून
त्यानं कन्नड दाबलं, एक अक्षर टिपलं,
परत हिंदी.
त ಳ वार.
"आमच्यात हाय," एवढंच म्हणाला,
नाक पुसत जागेवर गेला.

तिनं मान तिरकी करून बघितलं बराच वेळ.
"चालतंय की ओ, बाई?"
मी उत्तर जुळवेपर्यंत
वीज गेली.

संध्याकाळी अहवालात लिहिलं:
चारही बाकं सुरळीत.