चौदा चुकीच्या गाठी

ओहोटी लागली की तियो बादोंग
कंदील घेऊन उथळ पाण्यात उतरायचा.
शंख सेबूच्या दुकानात विकले जात,
नक्षी जितकी दाट तितका पैसा.
त्या रात्रीचा शंख त्याने पिशवीत नाही,
विजारीच्या खिशात टाकला.
विकायचा नसावा.

डंख म्हणे टाचणीएवढाही नव्हता.
"काहीतरी चावलं," म्हणाला आणि हसला.
मग ओठ जड झाले, मग पापण्या,
मग होडीला टेकून
श्वास घ्यायचा विसरल्यासारखा बसून राहिला.
दुखलं नाही त्याला.
तिया एपांग हे अजून तक्रारीसारखं सांगते.

मी आता तेच शंख पाळतो,
शहरातल्या प्रयोगशाळेत, काचेच्या टाकीत.
नळीच्या तोंडावर रबर ताणायचं,
त्यावर माशाचं शेपूट घासायचं
आणि थांबायचं.
सोंड येते, चाचपते,
पोकळ दात भाल्यासारखा सुटतो,
नळीत एक दुधट थेंब.
एवढ्याशात शंभरावर विषं,
प्रत्येकाचं कुलूप ठरलेलं.

रविवारच्या बोटीने ओलांगोला गेलो
तेव्हा एपांग जाळं सांधत होती.
बादोंगच्या शंखाच्या भावकीतला दुसरा एक,
त्याचं विष मी तिला वाळूत काढून दाखवलं:
एका दोऱ्यात पंचवीस मणी,
त्यातले सहा गंधकाचे.
पहिला चौथ्याशी, दुसरा पाचव्याशी,
तिसरा सहाव्याशी.
"आणि चुकलं तर?"
पंधरा तऱ्हा आहेत, चौदा चुकीच्या.
मणी तेच, वजन तेच, फक्त विष नाही.
तिने सुई दातात धरून गाठ ओढली.
"सैल गाठ दिसत नसते रे.
मासा गेला की कळते."

याचंच औषध केलंय, म्हटलं.
कण्यात बारीक नळी घालून थेंबथेंब सोडतात,
वेदनेची वर्दी मेंदूकडे जाते
त्या वाटेवरचं कॅल्शियमचं दार बंद होतं.
"केवढ्याला?"
सांगितलं.
ती होड्यांमध्ये मोजायला लागली,
तिसऱ्या होडीपाशी सोडून दिलं.

विषय बदलावा म्हणून बोललो:
बादोंगला चावलेल्या जातीत एक विष आहे,
त्याला गंधकाची एकही गाठ नाही.
नाव दिलंय मनिलाकडच्या शब्दावरून,
आन्तुकिन, म्हणजे झोपाळू.
"आपण तर कातुल्गोन म्हणतो," ती जरा दुखावून म्हणाली.
उंदराच्या पिल्लाला टोचलं तर ते झोपी जातं.
"आणि वयाच्या उंदराला?"
तो पिंजराभर धावत सुटतो.
"थांबत नाही?"
मला ठाऊक नव्हतं.
तिने जाळ्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

रात्री जाग आली तेव्हा ओहोटी लागली होती.
एपांग अंगणात, कंदिलाशिवाय,
माझ्या वाळूतल्या रेघांपाशी उभी.
पायाच्या अंगठ्याने गाठी पुसून
नव्याने घालत होती,
पहिला दुसऱ्याशी,
तिसरा चौथ्याशी.