आयतं बीळ

मोजमाप दोन भाषांत झालं, घोळ तिथंच होता.
मी शाळेपासून मिलिमीटरवाला,
आणि शेजारचे कोवाल्स्की इंचाच्या आठव्या भागात बोलणारे,
इथल्याच, टोलीडोतल्या, गाड्यांच्या कारखान्यात
चौतीस वर्षं साचे लावून निवृत्त झालेले.
करवत त्यांची, गॅरेज त्यांचं,
साप आमचे.

आमचे म्हणजे मृण्मयीचे.
तिच्या नारिंगी कॉर्न स्नेकनं जूनमध्ये चौदा अंडी घातली
आणि ऑगस्टात एकेक कवच आतून चिरत
तेरा नाकं बाहेर आली,
काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी.
चौदावं अंडं तसंच. थोडं पिचकलेलं.
"ही सगळी राहणार कुठं?" असं ऊर्मिलानं विचारलं नाही.
तिनं फक्त स्वयंपाकघरातले आपले डबे मोजून घेतले.

म्हणून रॅक.
पांढऱ्या गुळगुळीत फळ्या, बुटांच्या खोक्याएवढे प्लास्टिकचे चौदा ट्रे,
मागच्या बाजूनं खाचेतून जाणारी गरम पट्टी,
मागं एकतीस अंश, पुढं तळघराचा गारवा:
ज्याला जे हवं त्यानं तिकडं सरकावं.
ट्रेला झाकण नाही. वरची फळी हेच झाकण.
म्हणून फट अशी हवी
की कागद जाईल, पिल्लू जाणार नाही.
भोकं मृण्मयीनं पाडली, सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं,
प्रत्येक ट्रेला बारा,
आणि दोन दिवस घरभर जळक्या प्लास्टिकचा वास.

फळ्या कापायला मी शुक्रवारची रजा काढली
आणि सकाळी ऊर्मिला म्हणाली, आज नागपंचमी.
आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही.
म्हटलं, अगं, त्यांच्याच घरासाठी कापतोय.
तिनं नुसतं बघितलं.

कोवाल्स्कींना काय सांगणार? सांगितलं,
आज सापांचा सण आहे, करवत चालत नाही.
ते जरा वेळ गप्प राहिले.
मग वायर काढून नीट गुंडाळली,
म्हणाले, आमची आजीसुद्धा शुक्रवारी घरात मांस शिजू द्यायची नाही,
आणि पुरणाचं तिसरं दिंड उचललं.

त्या दिवशी नियम एकानंच मोडला.
संध्याकाळी पिचकलेल्या अंड्यावर एक बारीक चीर,
चिरेत एक नाक.

रविवारी रॅक उभा राहिला.
गुण्यात लावला, बुडबुडा मधोमध,
चौदा ट्रे, चौदा चिकटपट्ट्या, मृण्मयीच्या अक्षरात तारखा.
आयत्या बिळात नागोबा, मी म्हटलं,
आणि ती म्हण तिला इंग्रजीतून समजावताना
माझीच दमछाक झाली.

मंगळवारी सकाळी खालचा ट्रे रिकामा.
ती एक फळी कोवाल्स्कींच्या आठव्या भागानं कापलेली,
तिच्याखालची टेकू माझ्या मिलिमीटरनं.
मध्ये चार मिलिमीटर कोणाचेच नव्हते.

साप साप म्हणून भुई धोपटतात, आम्ही ती चाचपली.
चपला काढून, टॉर्च घेऊन, पाऊल घसटत.
वॉशिंग मशीनखाली. माझ्या बुटांत. जुन्या सूटकेसच्या अस्तरात,
जिथं अजून विमानाच्या पट्टीचा तुकडा चिकटलाय.

सापडलं ते उरलेल्या तुकड्यांच्या ढिगात,
कोपऱ्यात सारलेला, मी आज टाकतो उद्या टाकतो म्हणत राहिलेला.
दोन तिरक्या फळकुटांच्या मध्ये,
भुशात, तीन वेटोळी घालून.

कोवाल्स्की दुखऱ्या गुडघ्यावर वाकले.
पिल्लाला उचलू दिलं नाही.
आधी खिशातून टेप काढला आणि ती फट मोजली.
"पाच अष्टमांश," ते म्हणाले.
मी दुसऱ्या बाजूनं वाचलं, "सोळा."
मृण्मयीनं दोन्ही लिहून घेतलं.