स्वभावाचा रकाना

ह्याच काट्यावर अकरा वर्षं मी भाताची पोती तोलली.
आता कुत्री तोलते.
पोतं हलत नाही,
आणि ओल किती वजा धरायची
ते भाताच्या बाबतीत मला पाठ होतं.

जाकुईचं पाणी चर्चच्या तिसऱ्या पायरीवर अडून बसलंय.
होडी टेकायच्या आधीच वाल्देसिर ओरडतो :
"सात! एक पोटुशी! एक चावरी!"
"चावरी म्हणू नकोस," आतून डॉक्टर नॉएली,
तोंडात सुईचं झाकण.

पांढरी चिकटपट्टी, काळा मार्कर, गळ्यात नंबर.
निळ्या ताडपत्रीपुढे फोटो.
लिंग. रंग. वय दातांवरून.
कुठे सापडला : गॅरेजच्या पत्र्यावर.
कुठे सापडला : तरंगत्या फ्रीजवर.
कुठे सापडली : सापडली नाही,
आपणच होडीमागे पोहत आली.

मग पुसायचं, पोत्यांनीच.
मग वीतभर तुसात जागा,
आणि मऊ भात, एक पेला, जास्त नाही,
कितीही बघितलं तरी जास्त नाही.

सातवा रकाना स्वभावाचा.
पहिल्या रात्री मी तो भराभर भरला :
रागीट. भित्री. रागीट. मठ्ठ.
नॉएलीनं पेन काढून घेतलं.
"तीन दिवस कोरा ठेव.
आत्ता दिसतोय तो पाण्याचा स्वभाव."

दोनशे बारा.
तांबूस, छाती पांढरी, डाव्या कानाला जुनी चीर.
गळ्यात हातभर साखळी,
पुढची होडीवाल्यांनी कापलेली.
खांबाशी मागच्या पायांवर उभा होता म्हणे,
पाणी हनुवटीला.
आठव्या रकान्यात, शेऱ्यात, मी मार्कर रुतवून लिहिलं :
बांधून सोडून गेले.
मालक आला तरी देऊ नये.

तो बसेना.
कोरड्या तुसात, इतर सगळी वेटोळी करून पडलेली,
हा उभ्याउभ्या झोपायचा,
आणि डोकं खाली आलं की दचकून
हनुवटी वर.

चौथ्या दिवशी एदेगार आला, शाळेच्या हॉलमधून,
दुसऱ्या कुणाची पँट दोरीनं आवळून.
फोटो नव्हता. फोन पाण्यात.
"डावा कान," म्हणाला, "कुंपणाच्या तारेनं फाटलेला."
मी कागद पालथा घातला.

"पोहत मागे आला असता तो," कुणी विचारलं नसताना म्हणाला.
"होडीत पाचच माणसं. वळणावर ओढ फार.
मला वाटलं पाणी गुडघ्याएवढं येईल.
दरवेळी गुडघ्याएवढंच यायचं."

मी काही बोलले नाही.
त्या रात्री मी आधी टीव्ही माडीवर नेला होता.
कोंबड्या नंतर.
नंतर म्हणजे

एदेगार तुसात बसला.
नाव घेतलं नाही, जीभ टाळूला लावून
एक बारीक आवाज केला, दोनदा.
दोनशे बारा धावला नाही, शेपूटही नाही.
ती परकी पँट त्यानं खालून वर हुंगली,
सावकाश, पावती तपासावी तशी,
दोरीपाशी थांबला,
आणि मग मागचे पाय आधी, पुढचे मागून,
खाली बसला.
हनुवटी म्हाताऱ्याच्या बुटावर.

शाळेच्या हॉलमध्ये कुत्री चालत नाहीत.
म्हणून नंबर इथेच, मालक तिथे.
सहाला येतो, चार पोती उचलू लागतो, मग खाली बसतो.
साखळी त्यानं खिशात घालून नेली.
मी विचारलं नाही कशाला.

आठव्या रकान्यातलं मार्करचं पुसलं जाईना.
वरून चिकटपट्टी लावली.
उजेडाला धरलं तर अजून वाचता येतं.
सातवा कोराच आहे.
"आठवडा झाला, जुसारा," नॉएली आठवण करते,
आणि मी पेनचं टोपण शोधत राहते.

बाहेर वाल्देसिर :
"नऊ! आणि एक मांजर!"
मांजराचा फॉर्म नाही आमच्याकडे.
आणा, म्हणते,
काटा तर तोच.