दोन ते पाच

सराफ्यातली शेवटची कढई उतरते पावणेदोनला.
तोवर गेंदाबाई उभीच असते
बंद शटरशी, काखेत गाठोडं,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.
ती पायरीची वाट बघत असते.
पायरीवर अजून एक कुटुंब बसलंय,
भुट्ट्याचा कीस खात, सावकाश,
आणि त्यांच्या धाकट्याला आता रबडीही हवी आहे.

मी वही घेऊन गेले होते.
यंदा संहिता नाही, आपणच उभं करायचं, असं ठरलेलं:
पंचेचाळीस मिनिटं, सहा पात्रं, नेपथ्य टेम्पोत मावेल एवढं.
प्रश्न दिघेसरांनी टाइप करून दिले होते.
नाव. मूळ गाव. किती वर्षं. कारण.
'कारण'पुढे चार ओळी मोकळ्या.

पहिल्या रात्री ती म्हणाली, नवरा गेला, दिरांनी काढलं.
चारही ओळी भरल्या.
दुसऱ्या रात्री: मुलीला एम.वाय.त दाखवायला आणलं होतं,
मुलगी उरली नाही, परतीचं भाडंही.
ते मी समासात लिहिलं, आडवं.
तिसऱ्या रात्री कुणी मेलं नव्हतं, कुणी काढलं नव्हतं,
खरगोनकडल्या कुठल्याशा गावातून
ती एका सकाळी दूध आणायला निघाली
आणि चालतच राहिली.

म्हटलं, गेंदाबाई, यातली खरी कोणती?
तिने बिडीची राख पायरीबाहेर झटकली
(पायरीवर कधीच नाही,
पायरी ती आधी पदराने पुसून घेते)
आणि म्हणाली,
"तेरे को कौन-सी वाली चइये?"

तालमीत यावर दीड तास गेला.
हर्डीकर म्हणाला, मुलीची घ्या, लोक रडतात.
सुनेत्राला दीर हवे होते, त्यात संघर्ष आहे.
दूध आणायला गेलेली बाई कुणालाच नको होती.
परीक्षक विचारतील ना, मोटिव्हेशन काय?
मग चहा आला. मग मला झोपायला सांगितलं
शाळेच्या हॉलमध्ये, सतरंजीवर, पिवळ्या दिव्याखाली.
मी झोपले. फार खरं झोपलीस, म्हणाले सगळे.

तेच मी पायरीवर करून दाखवलं चौथ्या रात्री.
ती हसली, खोकला येईपर्यंत.
"ऐसे तो घर में सोते हैं."
मग तिने बसवलं मला, आमच्या सरांसारखंच, खांद्याला धरून:
चपला डोक्याखाली.
गाठोड्याची नाडी मनगटाला दोन वेढे.
पाठ शटरला, तोंड रस्त्याकडे.
चेहरा झाकायचा, पण एक कान उघडा ठेवायचा,
कारण पाचला पाण्याची गाडी येते, शहर धुवायला.
हो, ते आमचं नंबर एकचं शहर,
ज्याचं कौतुक मी पुण्याच्या मावशीला फोनवर सांगते.
गोराकुंडाच्या वळणावर गाडीची घरघर आली की उठायचं.
पाणी यायच्या आत.

दोन ते पाच. एवढीच तिची रात्र.
मी सवयीने हिशेब केला:
आमच्या नाटकाचे चार प्रयोग बसतात तिच्यात,
मध्यंतर न घेता.

नंतर तिनेच विचारलं, कागदाशिवाय,
तुझ्या घरी कोण कोण?
म्हटलं, नवरा आहे. झोपलाय.
इतकं सहज म्हटलं
की क्षणभर मलाही त्याचं घोरणं ऐकू आलं,
लोकमान्य नगरच्या त्या दोन खोल्यांत,
जिथे सहा वर्षं मी एकाच माणसाची कणीक भिजवते.

खरी कोणती, असं तिने विचारलं नाही.
गाठोडं अलीकडे ओढलं,
पायरीवर हातभर जागा झाली.
मी चपला काढल्या, डोक्याखाली घेतल्या.
बक्कल कानाला टोचलं.
हे तिने सांगितलं नव्हतं.