विनंती थांबा

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर
ह्यांनी रस्ता काढला नाही, रस्ता लिहिला:
सातारा स्टँड, राजवाडा, समर्थ मंदिर,
यवतेश्वर, पेट्री, घाटाई फाटा, कास, बामणोली.
प्रत्येकापुढे मिनिटं.
मी म्हटलं, अहो, सहलीला निघालोय आपण,
वेळापत्रक कसलं लावताय?
म्हणाले, घाटात आपली वेळ चुकली
की समोरून येणाराही चुकतो.

एकोणीस वर्षं, एकाआड एक रात्र,
हे बामणोलीला मुक्कामी.
सव्वापाचला गाडी सुटायची.
इकडे गोडोलीत मी कडी लावायचे,
आणि लागली का ते बघायला पुन्हा काढायचे.
अर्धा संसार माझा
कोयनेच्या फुगवट्याकाठी, एस.टी.च्या मागच्या सीटवर,
द्वारकाबाई उत्तेकरांची नाचणीची भाकरी खाऊन झोपला.
तो अर्धा मला बघायचाय.
द्वारकाबाईसुद्धा.
त्यांना साडी घेऊन ठेवलीय, अंजिरी.
रंग ह्यांना विचारला नाही.

भाचा, निरंजन, फोनवर नकाशा दाखवतो:
मावशी, दीड तास फक्त. सप्टेंबरात जा, फुलं असतात.
फुलं नकोत. फुलांना पास लागतो,
गर्दीला शिट्ट्या लागतात.
मार्गशीर्षात जाऊ.
तेव्हा पठारावरचं गवत
सुंभाच्या रंगाचं होतं, असं कुणीतरी सांगितलंय.
कुणी, ते आठवत नाही.
ह्यांनी तरी नाही.

गाडी मी चालवणार.
हे आधी ठरलं, मग बाकीचं.
साखरेनं ह्यांच्या उजव्या डोळ्यात जाळं विणलं
आणि परवान्याची मुदत कपाटातच संपली.
मी अठ्ठावन्नाव्या वर्षी
आरटीओच्या मैदानात आठ काढला.
दुसऱ्या खेपेला.
माझी अट एकच:
शेजारी बसून पायाखालच्या रिकाम्या जागेत
ब्रेक दाबायचा नाही.

कबूल. बोट पानावर चालू लागलं.
इथे दुसरा गिअर. इथे आधी हॉर्न, मग वळण.
ह्या कठड्यावर भिस्त ठेवू नकोस, तो नावाला आहे.
इथे म्हशी.
इथे धुकं नसलं तरी आहे असं धर.
मी विचारलं,
आणि ह्या वळणावरून खाली काय दिसतं?

बोट थांबलं.
वळणावर खाली बघायचं नसतं.

बरं, कासचं तळं?
जाताना ऊन डोळ्यांत. येताना ऊन डोळ्यांत.

आणि बामणोलीचं पाणी?
पोचेस्तोवर अंधार.
रात्री आवाज यायचा त्याचा, काठाला लागल्याचा.
मोठं असावं.

मोठं असावं!
मी इथे ह्यांच्या डब्याच्या वासावरून
अख्खा डोंगर रचला होता, झाडाझुडपांसकट,
होड्या सोडल्या होत्या, पलीकडच्या काठावर दिवे लावले होते,
कधीकधी रुसायचेही त्या पाण्यावर.
आणि ह्यांच्याकडे होती
हेडलाइटच्या उजेडाएवढी
डांबराची पट्टी.

नवीन पान घेतलं.
म्हटलं, आता बघायचं खातं तुमच्याकडे.
एका डोळ्यात मावेल तेवढं.
मी रस्त्यावरून नजर काढणार नाही,
तुम्ही शिकवलंय तसंच.
दरी ज्या बाजूला येईल त्या बाजूला बघायचं
आणि मला सांगत राहायचं,
हूं हूं चालणार नाही, नीट वाक्यात.

बराच वेळ पेन नुसतं हातात.
मग पेट्रीच्या पुढे, कासच्या अलीकडे,
जिथे ना गाव ना फाटा,
खात्याच्या पाट्यांसारख्या सरळ अक्षरात
ह्यांनी लिहिलं:
विनंती थांबा.
पुढची मिनिटांची जागा कोरी.

म्हणजे गाडी आपसूक थांबत नाही ना तिथे?
नाही. हात दाखवावा लागतो.
कुणी दाखवायचा?
ज्याला उतरायचंय त्यानं, म्हणाले,
आणि लगेच,
स्टेपनीत हवा आहे का बघितलीस?