दोन्ही कान दिसले पाहिजेत

फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत,
म्हणत कारकुनाने अर्ज परत सरकवला.
तिसऱ्यांदा.
जलेश्वरच्या स्टुडिओवाल्याने
माझे केस पाण्याने मागे चापले.

आई बाहेर बाकावर. तिचं माहेर
सायकलवरून पाऊण तास;
मधे एक सरहद्दीचा खांब,
म्हशी त्याला अंग घासतात.
बावीस वर्षांपूर्वी ती आली
पितळी परात आणि अंगात ताप घेऊन.
गाव अजून म्हणतं, ती आलेली.

बाप इथलाच. काठमांडूत पाडावरून पडला,
त्याच्या खिशात तंबाखू होती, कागद नव्हते.
चुलता सही देत नाही.
सही दिली की बांध हलेल, हे त्याला कळतं.

माझं सिम बिन्देश्वरच्या नावावर.
परीक्षेचा फॉर्म कुणाच्याच नाही.

"नेपाळी बोल," कारकून म्हणतो.
मी बोलतो, शाळेत शिकवली तशी, जरा जास्तच शुद्ध.
शेजारचं टेबल हसतं: "धोती!"
मी पँट घातली आहे,
इस्त्रीची, उसनी.

नवा फोटो ओला आहे अजून.
आई तो उन्हात तिरका धरते,
खूप वेळ.
"कान तर हुबेहूब त्यांचेच," म्हणते,
"जा, त्याला दाखव."