उतार पाहिजे

वर्षातनं एकदा जुन्या गाड्या बाहेर काढायच्या,
ओळीनं लावायच्या, आणि मटण चाप खायची,
बिल डोकी मोजून.
कुठं खायची, यावर तीन रविवार गेले
शिकलगारच्या गॅरेजात, टायरांच्या चळतीवर बसून.

हारगे म्हणाला, बायपासचं ‘रानवारा’.
चाप अशी, की हाड आपणहून बाजूला सरतं.
पण तिथला शिट्टीवाला पोरगा
बॉनेटवर बसून मोबाइल बघतो.
कॉन्टेसाच्या बॉनेटवर!
रद्द.

नलवडे सर म्हणाले, अंकली फाटा.
तिथं झाड आहे, झाडावर बगळे आहेत,
आणि बगळ्यांना
नवीन रंग, जुना रंग कळत नाही.
रद्द.

मिरजेतली ती जुनी परमिट रूम,
जिथं मालक स्वतः तव्यापाशी उभा राहतो
आणि उलटताना चापेशी बोलतो,
ती सगळ्यांना पसंत. पण गल्ली अशी,
की माझी अँबॅसिडर आत गेली
तर पुढच्या वर्षीच्या जेवणालाच बाहेर.

मग शिकलगारनं हात पुसले
आणि मुद्द्याचं बोलला :
चाप कुठलीबी चालंल.
उतार पाहिजे.
जीपचा स्टार्टर मेलाय, सरांच्या फियाटची बॅटरी
धा वाजले की झोपती.
रात्री साडेअकराला, पोटात मटण घेऊन
ढकलणार कोण?

आता, सांगलीत उतार!
नदीनं सारवून ठेवलेलं हे गाव,
गोटी टाकली तर टाकली तिथं राहते.
पाणी चढतं तेव्हाच कळतं
कुठला चौक कुठल्या चौकापेक्षा वीतभर खाली.
हारगेच्या दाराच्या आतल्या अंगाला
त्या पाण्याची मातकट रेघ आहे अजून.
पॉलिश करताना तेवढी सोडून करतो.

शिकलगार खिशात बेअरिंगची गोळी घेऊन
हॉटेलाहॉटेलापुढं रस्त्यावर ठेवायचा,
आम्ही गुडघ्यांवर हात टेकून बघायचो.
वेटर यायचे : काय हरवलंय, साहेब?

रेल्वेच्या पुलाच्या कडेला, ‘हॉटेल सुरुची’पुढं
गोळीनं जरा विचार केला,
आणि निघाली.
थेट गटारापर्यंत.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
चाप कशी असते, हे विचारायचं राहूनच गेलं.

चिवट होती.
सर म्हणाले, फॅनबेल्ट ओरिजिनल दिसतोय.
सुरगोंडा मगदूम हसला,
त्याच्यापुढं दरवर्षीसारखा अख्खा मसूर, कांदा, ताक.
तो रिक्षानं आला होता.
त्याची हेराल्ड चैत्रात इचलकरंजीला गेली,
का गेली, कुणी विचारलं नव्हतं.
बाहेर जीप आणि फियाटच्या मधे
हारगेनं एक जागा मोकळी ठेवली होती,
पावलं मोजून, हेराल्डच्या मापाची.
वॉचमन दोनदा म्हणाला, मालक, स्विफ्ट लावू का हितं?
हारगे म्हणाला, गाडी येतीय.

साडेअकराला फियाट झोपलेलीच.
सरांनी चष्मा पुसला, चावी पुढं केली :
मगदूम, तुम्हीच घ्या. आमचं झालंय थोडं जास्त.

तो बसला. आरसा स्वतःपुरता वळवला.
हँडब्रेक सोडला.
इंजिन नाही, दिवे नाहीत,
फक्त खडीवर टायरांचा आवाज
अंधारात बारीक होत जाणारा.
दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा,
एवढंच करायचं होतं. कुणालाही जमतं.
शिकलगार ओरडला, सोड! आता सोड!

त्यानं सोडला नाही.
पुलाची कड संपली, गटार गेलं,
टपरीच्या बंद फळ्या गेल्या,
तरी सोडला नाही.

मग सपाटीवर गाडी आपणहून थांबली,
आणि आम्ही चौघं
पोटात मटण घेऊन
ढकलायला निघालो.